बैठकीतली चूल

"ही भिंत माझ्यावर सोडा!" कमरेला पदर खोचून कुसुम उमाळकरनं जाहीर केलं. "महालक्ष्म्यांच्या आत तिचं असं रूप पालटते, की टाउनशिपभरच्या बायका रांग लावून बघायला येतील!"

रांग लागली, हे खरं. त्याआधी एकीला घेरी आली, हेही खरं. पण ते पुढे.

आधी भिंतीविषयी सांगायला हवं. भोपाळचा कारखाना उभा राहिला तेव्हा परदेशी तज्ज्ञ आले होते आणि त्यांच्यासाठी टाउनशिपच्या टोकाला बंगल्यांची एक ओळ बांधली होती. नकाशे तिकडूनच आले. आपण घराच्या नकाशात तुळशीवृंदावन काढावं तितक्या सहजपणे कोणीतरी बैठकीच्या पश्चिमेच्या भिंतीत फायरप्लेस काढली आणि इथल्या लोकांनी ती मुकाट्यानं बांधली. भोपाळात! जिथे मे महिन्यात नळाचं पाणी चहाला चालतं! पुढे तज्ज्ञ गेले, बंगले आपल्या इंजिनियरांना मिळू लागले आणि नीळकंठ उमाळकरला बढती मिळाली तसा त्यातला एक त्याच्या वाट्याला आला. भिंतीत माणूस वाकून आत शिरेल एवढा चौकोनी काळा खड्डा आणि त्यातून थेट छतावर गेलेलं धुराडं. खड्ड्यात दिवसासुद्धा काही दिसायचं नाही. कुसुम केर काढताना तिथवर यायची आणि झाडू थोडा लवकर फिरवून मागे व्हायची.

पण या वर्षी मागे होऊन चालणार नव्हतं, कारण लीलावहिनी येणार होत्या.

लीलावहिनी म्हणजे नीळकंठच्या मोठ्या भावाची बायको. नागपूरचं घर, घरच्या महालक्ष्म्या, देवीचे पितळी मुखवटे, सगळं त्यांच्या हातात. लग्न झाल्यापासून कुसुम दर वर्षी सणाला नागपूरला जायची आणि मागच्या खोलीत बसून पुरण वाटायची, नारळ खवायची. हात धुऊन बाहेर येईपर्यंत देवी नेसून, नटून उभी असायची. धाकटी जाऊ! देवीच्या निरीला तिचं बोट कधी लागलं नव्हतं. याचं तिला वाईट वाटायचं. इतकं, की परतीच्या गाडीत ती इटारसीपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसायची.

या वर्षी वहिनींचे हात थरथरू लागले होते. त्यांनी ट्रंककॉल करून सांगितलं, "कुसुम, मुखवटे घेऊन मीच तिकडे येते. देवीला तुझ्या घरी करमलं तर ठेवून जाईन. नाही करमलं, तर गाठोडं बांधीन अन् परत नेईन. मग पुन्हा विषय काढायचा नाही."

कुसुमनं फोन ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं. देवी पूर्वेकडे तोंड करून उभी राहणार म्हणजे पाठीला पश्चिमेचीच भिंत हवी. म्हणजे हीच!

लेडीज क्लबच्या कपाटात मेमांनी मागे टाकलेली जुनी मासिकं होती. त्यातल्या एकात फायरप्लेसची भिंत सजवण्याच्या कल्पनाच कल्पना होत्या. वर आरसा लावा, बशा टांगा, हरणाचं डोकं बसवा. एका चित्रात तर चक्क मोजे टांगले होते!

"मोजे?" नीळकंठनं विचारलं. "बैठकीत?"

"वाळत घातले असतील हो. त्यांच्याकडे ऊन कुठे असतं!"

मोजे वगळून तिनं पांढऱ्या डिस्टेंपरपासून सुरुवात केली. भिंत दुधासारखी झाली. दोन दिवसांनी खड्ड्याच्या वर एक करडा डाग उमटला. तिनं पुन्हा हात मारला. डाग पुन्हा आला, या वेळी मोठा होऊन. आणखी एक हात मारल्यावर त्याला हनुवटी आली.

शेजारच्या सक्सेना भाभी वाटीभर साखर मागायला आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या.

"भाभीजी, बुरा मत मानना, पर इस दीवार को ज़्यादा छेड़ो मत."

"का? क्यों?"

"इस बंगले की जो आख़िरी मेमसाब थीं ना, वो यहीं बैठती थीं. भरी गर्मी में आग जला के. ठंड लगती थी उनको. दिनभर खाँसती रहतीं." भाभींनी आवाज खाली आणला. "फिर साहब का जाना हुआ. पूरी लाइन बाहर खड़ी थी टाटा करने. गाड़ी में साहब अकेले थे."

"मग मेम? मतलब, मेमसाब?"

"मेमसाब को जाते किसी ने नहीं देखा." एवढं बोलून भाभींनी बशीतला चिवडा चाखला, छान झाल्याचं सांगितलं आणि साखर घेऊन निघून गेल्या.

कुसुमनं भिंतीकडे पाहिलं. हनुवटी, गाल, बांधलेले केस. डाग तिच्याकडे बघत नव्हता, तो खाली खड्ड्यात बघत होता. तेच जास्त वाईट होतं.

नीळकंठला सांगितल्यावर तो हसला. "अगं, काजळी आहे ती. वर्षानुवर्षं विटांत मुरलेली, ओल लागली की फुटून वर येते. आणि ती बाई आधीच मुंबईला गेली असेल."

"कोणी पाहिली?"

"आपण न पाहिलेल्या सगळ्या बायका काय भिंतीत शिरतात?"

मग कुसुमनं लग्नातला मरून रंगाचा शालू काढला आणि छतापासून जमिनीपर्यंत पडद्यासारखा सोडला. डागही झाकला, खड्डाही झाकला. भिंत इतकी देखणी दिसू लागली की ती समोर खुर्ची टाकून चहा प्यायला बसली. दिवस कलला होता, बाहेर वारा सुटला होता. कप ओठाशी गेला आणि तिथेच राहिला.

शालू आत गेला. हळूच, मधोमध, खड्ड्याच्या जागी. क्षणभर तसाच राहिला. मग फुगून बाहेर आला. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. त्याबरोबर भिंतीतून लांबलचक आवाज आला, झोपलेल्या माणसानं कुशीवर वळताना काढावा तसा.

भिंत श्वास घेत होती!

"ड्राफ्ट!" नीळकंठ म्हणाला. "धुराडं हवा ओढतं, वाऱ्याचा झोत आला की ढकलतं. हवा हा माझा विषय आहे. करोंदच्या मंडीतून रिकामी पोती आणतो आणि रविवारी बोळा कोंबून टाकतो."

पोती आली. रविवारही आला. नीळकंठ क्रिकेटची कॉमेंटरी ऐकत बसला. पुढच्या रविवारी त्याची पाठ धरली. आणि त्यानंतर लीलावहिनीच आल्या, मुखवट्यांची पेटी सबंध प्रवासभर मांडीवर धरून.

त्यांनी बंगला फिरून पाहिला. बैठकीत आल्यावर शालूचं टोक उचलून आत डोकावल्या आणि झटकन टोक सोडलं.

"बाप्पा! बैठकीत चूल? अन् स्वयंपाकघरात काय सोफा ठेवला का तुम्ही?"

"साहेबांची रीत, वहिनी," नीळकंठ म्हणाला.

"आतून वारं येऊन राहिलं, रे. थंडगार. भादव्यात इतकं थंड?"

नीळकंठनं शालूचं टोक पुन्हा नीट सोडलं.

दुसऱ्या दिवशी आवाहन. दारापासून चौरंगापर्यंत रांगोळीची पावलं निघाली. पत्र्याची पोकळ धडं शालूपुढे उभी राहिली आणि वहिनींनी दोन्ही पैठण्या कुसुमच्या हातात दिल्या. "माझे हात थरथरतात. तूच नेसव."

कुसुमनं निऱ्या घातल्या. एकेक निरी मोजून, चापून, ओठांत टाचण्या धरून. ज्येष्ठेला झाली, मग कनिष्ठेला. मुखवटे चढले, नथी चढल्या, डोळ्यांत काजळ गेलं. कुसुमला समोरचं काही दिसेना, डोळे भरून आले होते. वहिनींनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

संध्याकाळी आरती सुरू झाली. शेजारपाजारच्या बायका आल्या होत्या, सक्सेना भाभी सगळ्यांत पुढे. निरांजनाची ज्योत अचानक आडवी झाली. वहिनींच्या हातातली घंटा थांबली.

ज्येष्ठेच्या निऱ्या फुगल्या. पदर छातीवर वर उचलला गेला आणि सावकाश खाली बसला. मग कनिष्ठेचा. दोघी आळीपाळीनं श्वास घेत होत्या. पितळी चेहऱ्यावर ज्योतीचा उजेड हलत होता, त्यामुळे डोळेही हलल्यासारखे वाटत होते. मागून भिंतीनं सुस्कारा टाकला.

"मेमसाब!" म्हणून सक्सेना भाभी मटकन खाली बसल्या आणि तशाच आडव्या झाल्या. घेरी म्हणतात ती हीच.

त्यांच्या तोंडावर पाणी मारून त्यांना घरी पोचवल्यावर लीलावहिनी देवीपुढे बसून राहिल्या. निऱ्यांवरून हात फिरवून म्हणाल्या, "कुसुम, पाहिलंस नं? सुस्कारे टाकून राहिली ती. नागपूरची आठवण येते तिला. तिला इथे करमत नाही."

"नाही हो वहिनी, तो वारा..."

"वारा दारातून येतो, पोरी. पाठीमागच्या भिंतीतून कधी वारा येतो का? उद्याचं पूजन होऊ दे. परवा मी घेऊन जाईन."

कुसुम उठून स्वयंपाकघरात गेली. डाळ निवडायला घेतली आणि निवडलेलीच डाळ पुन्हा निवडत राहिली. नीळकंठ पाणी प्यायला आला, तेव्हा तिनं त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"तुम्हाला दोन रविवार मिळाले होते," ती म्हणाली. "मला देवी एकदाच मिळाली होती."

नीळकंठ खोकला. हा त्याचा खास खोकला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यानं बायकोला कधी नावानं हाक मारली नव्हती. लग्नानंतरची पहिली वर्षं घरात वडीलधाऱ्यांसमोर गेली, तोंडात नाव बसलंच नाही. दोघंच असली की "अगं", आणि चारचौघांत नुसता खोकला. त्या एका खोकल्यात चहा हवा, किल्ली सापडत नाही, पाहुणे कधी जाणार, हे सगळं मावायचं. आजच्या खोकल्यात माफी होती.

"उद्या करतो," तो म्हणाला. "नक्की."

आणि या खेपेला त्यानं खरंच केलं!

पूजन झालं, सोळा भाज्यांचा नैवेद्य झाला, जेवणं झाली. वहिनी आतल्या खोलीत लवंडल्या. कुसुम मागच्या अंगणात भांड्यांच्या ढिगात होती. नीळकंठनं अंगावर जुनी बंडी चढवली, पोती बगलेत मारली, देवीला हात जोडले आणि शालूच्या कडेनं मागे सरकून खड्ड्यात शिरला. कारखान्यात निघालो म्हणून वहिनींना आधीच सांगून ठेवलं होतं. आत तो उभा राहिला, हात वर केले आणि पोती धुराड्यात कोंबू लागला. पहिलं नीट बसेना, म्हणून टाचा उचलून खांद्यानं रेटलं.

हवा हा त्याचा विषय होता. पुरणपोळ्या खाल्लेलं पोट हा नव्हता. खांदे वर गेले, पोट धुराड्याच्या गळ्यापाशी आलं आणि बूच बसावं तसा नीळकंठ बसला. खाली येईना, वर जाईना. हात डोक्याच्या वर, तोंडावर पोतं, डोळ्यांत काजळी. ओरडावं तर बाहेर वहिनी! देवीच्या पाठीमागे, चुलीत, बंडीवर सापडलेला दीर! तो गप्प राहिला आणि आपोआप सुटण्याची वाट बघू लागला.

हळदीकुंकवाची वेळ झाली. बायका आल्या, आणि कशा आल्या! सक्सेना भाभींनी पार बाग सेवनियापर्यंत बातमी पोचवली होती. दारापासून फाटकापर्यंत रांग. सगळ्या गप्प, सगळ्यांच्या नजरा निऱ्यांवर.

निऱ्या हलत नव्हत्या.

बाहेर वारा होता, अंगणातला अशोक सळसळत होता. पण शालू भिंतीला चिकटून उभा होता आणि देवी दगडासारख्या स्तब्ध होत्या. ज्योत सरळ. कुसुमला बरं वाटलं. चला, बोळा बसला एकदाचा. पण नीळकंठ गेला कुठे? खरंच कारखान्यात?

"श्वास थांबला," रांगेतून कोणीतरी पुटपुटलं.

लीलावहिनींचा चेहरा उतरला. त्या पुढे झाल्या, थरथरता हात ज्येष्ठेच्या पदरावर ठेवला. "गेली का गं?" त्यांनी देवीलाच विचारलं. "मला न सांगता गेली का?"

खोलीत इतकी शांतता झाली की कुंकवाच्या करंड्याचं झाकण मिटल्याचा आवाज मोठा वाटला.

आणि भिंत खोकली.

खोल, कोरडं, विटांच्या आतून. सक्सेना भाभींनी शेजारणीचा दंड धरला. "यही! यही खाँसी!" बायका मागे सरकल्या. कुसुम मात्र जागची हलली नाही. तिच्या अंगावर काटा आला तो वेगळ्याच कारणानं. हा खोकला तिनं झोपेतसुद्धा ओळखला असता! सवयीनं तिच्या तोंडून "आले" निघूनसुद्धा गेलं.

त्यावर भिंतीतून आवाज आला. घोगरा, लांबून आल्यासारखा, धड पुरुषाचा नाही, धड बाईचा नाही.

"कु... सुम..."

आणि पुन्हा, जरा स्पष्ट, "कुसुम!"

लीलावहिनी वळल्या. डोळे विस्फारलेले.

"तुला हाक मारली," त्या म्हणाल्या. "नावानं!"

"अहो वहिनी, ते..."

"बोलू नको. इतकी वर्षं मी हिला नेसवलं, पोटच्या पोरीसारखं सजवलं. मला एकदा हाक मारली नाही हिनं. एकदाही नाही." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि कुसुमचा हात ओढून देवीच्या पदरावर ठेवला. "तुझी झाली ती. मी कोण नेणारी?"

कुसुमचा हात पैठणीवर होता, तो ठेववत नव्हता आणि काढवतही नव्हता. खरं सांगावं तर देवी जाते. न सांगावं तर नवरा जातो. ती तोंड उघडणार, एवढ्यात शालूमागे पाय आपटल्याचा धप्प आवाज झाला, ज्येष्ठा डुलली आणि बायकांच्या तोंडून एकदम "जय हो!" निघालं.

"आरती!" कुसुम ओरडली. "मोठ्यानं म्हणा! अजून मोठ्यानं! आणि मग सगळ्यांनी अंगणात चला, प्रसाद तिकडे आहे! वहिनी, तुमच्या हातानं वाटा!"

खोली रिकामी होताच ती शालूमागे शिरली. काळोखात तिच्या हाताला दोन पाय लागले. ते ओळखीचे असल्याची खात्री करायलासुद्धा ती थांबली नाही, लोंबकळलीच! पोती, विटांचे तुकडे, काजळीचा ढीग आणि नीळकंठ, सगळं एकदम खाली आलं. धुराडं मोकळं झालं. वरून वारा घोंघावत उतरला, शालू फुगला, निऱ्या फुगल्या आणि दोघी देवींनी छाती भरून श्वास घेतला.

ते बघायला वहिनी नेमक्या दारात आल्या. कुसुमनं नवऱ्याला पायानं खड्ड्यात मागे ढकललं आणि एकटी बाहेर आली.

"बघ!" वहिनी गहिवरून म्हणाल्या. "आता कसा सुखाचा श्वास घेऊन राहिली! करमलं हो तिला!"

कालचाच तो वारा!

वहिनी प्रसादाचं ताट घेऊन पुन्हा अंगणात गेल्यावर तिनं नीळकंठला मागच्या दारानं न्हाणीत नेलं. तो डोक्यापासून पायापर्यंत काळा होता, फक्त डोळे पांढरे. तिनं त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. हात थांबला.

"तुम्ही मला नावानं हाक मारलीत," ती म्हणाली. आवाज जरा ओलाच होता. "आयुष्यात पहिल्यांदा."

नीळकंठनं डोळे मिचकावले. "मी? मी खोकलो."

"नंतर. दोनदा. कुसुम म्हणालात."

"अगं, तोंडात पोतं होतं माझ्या! बोलतो कसला? खोकलो तेसुद्धा नाकातून!"

कुसुम बघत राहिली. तोंडावर इतकी काजळी होती, की तो लाजून लाल झाला आहे की घाबरून पांढरा पडला आहे, हे कळायला मार्ग नव्हता. तिनं पाणी ओतून ते धुऊन काढलं, तोवर जे होतं ते निघून गेलं होतं.

मुखवटे भोपाळलाच राहिले. वहिनी गाडीत बसताना मोकळ्या मांडीकडे बघून जरा रडल्या, मग हसल्या. धुराड्यात बोळा पुन्हा कोणी घातला नाही. देवीचा श्वास कोण बंद करणार? भिंतीवरचा चेहराही आहे तिथेच आहे. कुसुमनं मासिकातल्या सल्ल्याप्रमाणे त्यावर आरसा लावून पाहिला होता, पण संध्याकाळी आरशात आपल्याआधी दुसरंच कोणी दिसेल असं वाटून तो उतरवला.

आताशा दिवस कलला की ती बैठकीत भाजी निवडत बसते. कधी खोकला ऐकू येतो. पूर्वी ती लगेच "आले!" म्हणून उठायची. आता ती आधी मान वळवून आतल्या खोलीत बघते, नीळकंठ खुर्चीवर आहे ना. तो असला, तर चहा ठेवते.

नसला, तरीही ठेवते.